नुसतं भेटून भागत नाही

मराठीत ‘संसर्ग’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक सहवास, दुसरा रोगाची लागण. जुन्या लोकांच्या बोलण्यात ‘वाईट संसर्ग’ म्हणजे वाईट संगत. दवाखान्याच्या भिंतीवर ‘संसर्गजन्य’ म्हणजे जवळ जाऊ नका. माणसं एकमेकांच्या जवळ आली की काहीतरी एकाकडून दुसऱ्याकडे जातं, एवढं भाषेला माहीत आहे. ते चांगलं की वाईट, हे तिनं उघडं ठेवलंय.

मी मूळचा वर्ध्याचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. आमच्या कँटीनमध्ये एक वाक्य फार ऐकू येतं: चार गावं फिरलं, चार प्रकारची माणसं भेटली की डोक्यातले पूर्वग्रह आपोआप गळून पडतात. हे वाक्य ऐकायला छान आहे. ते खरं असेल तर काम सोपं आहे: लोकांना एकत्र आणा आणि वाट बघा. पण माझ्या जिल्ह्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास जरा वेगळं सांगतो. ‘एकत्र आणलं की काय होतं’ याचे जितके प्रयोग वर्ध्याच्या आठ-दहा किलोमीटरच्या परिघात झाले, तितके देशात फार कमी ठिकाणी झाले असतील. काही साधले, काही अर्धवट राहिले. का, हे बघण्यासारखं आहे.

रोज भेटणारं गाव

आधी एक साधी गोष्ट. जातीपातीच्या गावात माणसं एकमेकांना भेटत नव्हती, असं अजिबात नव्हतं. उलट रोज भेटत होती. महार गावाच्या शिवेची राखण करायचा, सरकारी निरोप पोचवायचा, मेलेली जनावरं ओढायचा. मांग दोरखंड वळायचा, चांभार जोडे शिवायचा. एकाचं काम दुसऱ्यावाचून अडायचं. नावं माहीत, घरं माहीत, पोरंबाळं माहीत. इतकी ओळख आपल्याला आपल्या सोसायटीतल्या समोरच्या फ्लॅटची नसते.

आणि तरीही विहीर वेगळी, वस्ती वेगळी, मसणवटा वेगळा. शेकडो वर्षांच्या रोजच्या भेटीनं विटाळ कमी झाला नाही. कारण प्रत्येक भेटीत कोण उभं राहणार, कोण बसणार, कोण वरून पाणी ओतणार आणि कोण ओंजळ धरणार हे आधीच ठरलेलं होतं. भेट होत होती, पण ती दर वेळी तोच धडा गिरवून घेत होती. म्हणजे प्रश्न ‘भेटतात का’ हा नाहीच. प्रश्न ‘कुठल्या अटींवर भेटतात’ हा आहे.

1928: देवळाचं दार

वर्ध्यात लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे, बजाज घराण्यानं बांधलेलं. जुलै 1928 मध्ये जमनालाल बजाजांनी ते अस्पृश्यांना खुलं केलं. विनोबा भावे तेव्हा सात वर्षं वर्ध्यात होते. या कामात ते पुढे होते. पुजाऱ्यांचा आणि सनातनी मंडळींचा विरोध होता. जमनालालांच्या अगरवाल समाजातल्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्यांनी दार बंद केलं नाही. आपल्या शेतातल्या आणि बागांतल्या विहिरीही त्यांनी खुल्या केल्या.

आता याच्याशेजारी नाशिक ठेवून बघा. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसं रस्त्यावर उतरली, मार खाल्ला, तुरुंगात गेली. पाच वर्षं हे चाललं. दार उघडलं नाही. शेवटी 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की, आपण हिंदू म्हणून मरणार नाही.

दोन्हीकडे धर्म तोच, देव जवळपास तेच, काळ तोच. फरक किल्लीचा होता. वर्ध्यात किल्ली ज्याच्या हातात होती त्यानंच ठरवलं. नाशकात किल्लीवाले विरोधात होते. यातून एक गोष्ट कळते: वरून, अधिकाराच्या जागेवरून पाठिंबा असला की माणसं जवळ येणं सोपं होतं. आणि दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे: वर्ध्यातला प्रवेश मालकाच्या चांगुलपणावर अवलंबून होता, नाशकात लोक हक्क मागत होते. पायरी चढणाऱ्यासाठी या दोन गोष्टी सारख्या नाहीत. मालक बदलला तर दार पुन्हा लागू शकतं. हक्काचं तसं नसतं. तो 1950 मध्ये संविधानाच्या सतराव्या कलमानं आला.

शेगाव नावाचं गाव

गांधी 1934 मध्ये जमनालालांच्या आग्रहावरून वर्ध्याला आले, आधी मगनवाडीत राहिले आणि 30 एप्रिल 1936 ला आठेक किलोमीटरवरच्या शेगावात राहायला गेले. (संत गजानन महाराजांचं शेगाव वेगळं, बुलढाण्यातलं. टपालाचा गोंधळ व्हायचा म्हणून 1940 मध्ये या गावाचं नाव सेवाग्राम झालं.) गावात बहुसंख्य वस्ती दलितांची. मालगुजारी जमनालालांकडे. तरी गावच्या वृद्ध पाटलानं गांधींना स्वागताबरोबर हेही स्पष्ट सांगितलं होतं की, अस्पृश्यतेच्या बाबतीत आपल्याला साथ देता येणार नाही. मला हा पाटील आवडतो. निदान त्यानं कार्यक्रमाला येऊन टाळ्या वाजवून घरी जाऊन वेगळं वागणं केलं नाही.

आश्रमातला नियम सोपा होता: सगळे एका पंगतीत जेवणार आणि सगळे पाळीपाळीनं संडास साफ करणार. इथं राहायला कोण होतं बघा. ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची मुलगी मीराबेन. कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या अमृत कौर. पोलंडचा इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन, ज्याला इथं भारतानंद म्हणत. नई तालीमची शाळा चालवणारं जोडपं: नवरा आर्यनायकम सिलोनचा तमिळ ख्रिस्ती, बायको आशादेवी बंगाली. सरहद्द प्रांतात आणि पंजाबात जायला बंदी घातलेले खान अब्दुल गफार खान 1934 मध्ये वर्ध्यालाच जमनालालांकडे राहिले आणि डिसेंबरात त्यांना अटकही इथेच झाली. त्यांची मुलगी वर्ध्यात शिकली.

या यादीवर खूश व्हायला होतं, पण खरी गंमत यादीत नाही, कामाच्या वाटपात आहे. राजकन्या आणि गावातला पोरगा एकच खराटा धरतात, तेव्हा ‘हे काम कोणाचं’ याचं जुनं उत्तर खोडलं जातं. नई तालीममध्येही हेच होतं. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद झाली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि सूतकताई, शेती, सफाई हा शिकण्याचा गाभा ठरला. आपल्याकडे हाताची कामं जातींना वाटून दिलेली होती. ती सगळ्या मुलांच्या हातात देणं हा अभ्यासक्रमाचा बदल वाटतो, पण तो जातीच्या मुळावरचा घाव होता.

विनोबांनी हे आणखी पुढे नेलं. 1932 मध्ये ते नालवाडीला, दलित वस्तीच्या गावात जाऊन राहिले. तिथं चर्मालय निघालं आणि गोपाळराव वाळुंजकर नावाच्या ब्राह्मण कार्यकर्त्यानं कातडी कमावण्याचं काम शिकून ते चालवलं. नंतर पवनारला असताना विनोबा कित्येक महिने रोज खांद्यावर फावडं टाकून जवळच्या सुरगावला मैला साफ करायला जात. एकदा ओढ्याला पूर होता, पलीकडे जाता येईना. तर त्यांनी पलीकडच्या माणसाला ओरडून सांगितलं की, गावचा भंगी येऊन परत गेला, एवढं देवळात जाऊन सांग.

मला या गोष्टीतली नियमितता महत्त्वाची वाटते. एक दिवस झाडू घेऊन फोटो काढणं आपण सगळ्यांनी पाहिलंय. पूर आला तरी हजेरी लावणं वेगळं.

पण इथंही एक प्रश्न उरतो. विनोबा फावडं खाली ठेवू शकत होते. ज्याच्या जातीला ते काम चिकटवलेलं होतं त्याला ती सोय नव्हती. देशात हातानं मैला उचलायला लावण्यावर बंदीचा कायदा 1993 मध्ये आला, तो पुरला नाही म्हणून 2013 मध्ये दुसरा करावा लागला. सुरगावच्या फावड्यानं सुरगाव बदललं असेल. व्यवस्था त्यानं बदलली नाही.

बाबासाहेबांचा आक्षेप

गांधी शेगावला राहायला गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 1 मे 1936 ला, डॉ. आंबेडकर त्यांना भेटायला तिथं आले होते. बरोबर उद्योगपती वालचंद हिराचंद होते. भेटीतून मतं जुळली नाहीत. त्याच महिन्यात बाबासाहेबांचं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ छापून आलं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं हे भाषण. मंडळाला ते पेललं नाही आणि परिषदच रद्द झाली.

त्यातला एक मुद्दा आपल्या प्रश्नाला थेट भिडतो. सहभोजनानं जात मोडत नाही, असं बाबासाहेब म्हणतात. एकमेकांत जेवणाऱ्या जाती आहेतच, तरी त्यांची जातीची भावना गेलेली नाही. खरा उपाय आंतरजातीय लग्न, कारण त्यानंच रक्ताच्या नात्याची आपुलकी तयार होते. आणि लग्नं तरी का होत नाहीत? कारण जातीला शास्त्रांचा आधार आहे असं लोक मानतात. ती श्रद्धा हलवल्याशिवाय पंगतीनं काही होणार नाही.

म्हणजे दोन बाजू स्पष्ट होत्या. एक म्हणत होती, एकत्र राहा, काम करा, मन बदलेल. दुसरी म्हणत होती, मनाच्या मागे जो नियम उभा आहे तो पाडा. यात गांधीच हळूहळू दुसरीकडे सरकले. शेवटच्या वर्षांत त्यांनी ठरवलं की, ज्या लग्नात एक बाजू दलित असेल त्याच लग्नाला आपण जाणार. आंध्रचे नास्तिक कार्यकर्ते गोरा यांची मुलगी मनोरमा आणि दलित समाजातला अर्जुन राव यांचं लग्न सेवाग्रामला लावायचं त्यांनी कबूल केलं होतं. ते व्हायच्या आधीच 30 जानेवारी 1948 आली. लग्न मार्चमध्ये सेवाग्रामलाच झालं.

आणि 14 ऑक्टोबर 1956 ला वर्ध्यापासून 75 किलोमीटरवर, नागपुरात, लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यात वर्धा जिल्ह्यातलीही माणसं होती. दुसऱ्यानं मन बदलण्याची वाट बघणं त्यांनी थांबवलं. ‘सहवासानं पूर्वग्रह जातो का’ हा प्रश्न मुळात वरच्या बाजूनं विचारलेला प्रश्न आहे, हे मला इथं कळतं. ज्याच्याबद्दल पूर्वग्रह आहे त्यानं तोवर काय करायचं?

क्रिकेटची टीम

1954 मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहावर एक मोठं पुस्तक लिहिलं. तिकडे काळ्या-गोऱ्यांना एकाच इमारतीत घरं दिलेल्या वसाहतींचे अभ्यास झाले होते. ते बघून ऑलपोर्टनी सांगितलं की सहवासानं पूर्वग्रह कमी होतो, पण चार गोष्टी असल्या तर: दोघांची पायरी समान हवी, ध्येय एक हवं, एकमेकांच्या मदतीनं काम हवं, आणि वरून अधिकाराचा किंवा कायद्याचा पाठिंबा हवा.

आता मागे जाऊन बघा. गावगाड्यात भेट होती, पण पायरी समान नव्हती. लक्ष्मीनारायणाच्या देवळाला मालकाचा पाठिंबा होता, काळारामाला नव्हता. सेवाग्रामच्या खराट्यात समान पायरी आणि एकत्र काम दोन्ही होतं. ऑलपोर्ट वाचला नसताना वर्ध्यात त्याची प्रॅक्टिकल आधीच होऊन गेली होती.

2006 मध्ये थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी असे 515 अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष: सहवासानं बहुतेक वेळा पूर्वग्रह कमी होतो, चारही अटी नसल्या तरी थोडा होतोच, असल्या तर जास्त होतो. पण आपल्याला जवळचा प्रयोग उत्तर प्रदेशातला आहे. अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी तिथं 1,261 तरुणांसाठी क्रिकेट लीग भरवली. काहींना एकाच जातीच्या टीममध्ये टाकलं, काहींना मिश्र टीममध्ये, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं. मिश्र टीममध्ये एकत्र खेळलेल्यांच्या दुसऱ्या जातीतल्या मैत्र्या वाढल्या. पण दुसऱ्या जातीच्या पोरांशी ज्यांची गाठ फक्त विरुद्ध टीममध्ये पडली, त्यांच्याबाबतीत उलट परिणाम दिसला. मैदान तेच, बॉल तोच. आपल्या बाजूनं खेळतो की समोरून, एवढाच फरक.

हे वाचल्यावर मला फोनची आठवण येते. आज आपल्याला सगळ्या जातीधर्मांची माणसं रोज दिसतात, आपल्या आजोबांना आयुष्यात दिसली नसतील तेवढी. पण बहुतेक वेळा कमेंटमध्ये, समोरच्या टीममध्ये. कट ऑफच्या यादीतही तसंच. एकाच वर्गात बसणारी पोरं निकालाच्या दिवशी एकमेकांकडे आरक्षणाच्या चष्म्यातून बघायला लागतात, कारण जागा मोजक्या आहेत. विविधता भरपूर आहे. एकत्र काम नाही.

कुष्ठरोगी आणि विटाळाचं औषध

आता संसर्गाच्या दुसऱ्या अर्थाकडे येऊ. कुष्ठरोग्याची अवस्था अस्पृश्यापेक्षाही वाईट होती, कारण त्याला स्वतःच्या घरचेच बाहेर काढत. त्यात जातही बघितली जात नसे. 1936 मध्ये विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं. तिथं रुग्ण नुसते पडून राहत नसत, शेती करत, सूत कातत.

संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री येरवड्याच्या तुरुंगात गांधींच्या वेळेला होते. कुष्ठरोग झाला म्हणून त्यांना सगळ्यांपासून वेगळं ठेवलं जायचं. पुढे ते सेवाग्रामला आले. त्यांना ठेवून घ्यायचं की नाही, हा आश्रमापुढे खरा प्रश्न होता, कारण तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं. गांधींनी त्यांना आपल्या जवळच झोपडी दिली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करायला लागले. तो फोटो तुम्ही पाहिला असेल. फोटोत धैर्य दिसतं. त्यात न दिसणारी गोष्ट म्हणजे बाकीच्या आश्रमवासीयांना त्या झोपडीवरून रोज जावं लागायचं. भीती अशीच कमी होते, एका क्षणात नाही, येता-जाता.

वर्धा जिल्ह्यातल्याच हिंगणघाटला 1914 मध्ये जन्मलेल्या बाबा आमट्यांची गोष्ट याच्या उलटी सुरू होते. वरोऱ्याच्या रस्त्यावर तुळशीराम नावाचा सडलेला कुष्ठरोगी बघून ते पळाले. कशालाच न भिणारे आपण भ्यालो, हे त्यांना सहन होईना. त्यातून पुढे आनंदवन उभं राहिलं. पहिल्या भेटीनं त्यांना पळवलं होतं. परत जाण्यानं बदललं.

पण स्पर्शानं जे सुरू केलं ते पुरं केलं औषधानं आणि घरोघर फिरणाऱ्या माणसांनी. 1951 मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झालं, त्याचं मुख्यालय वर्ध्यातच. डॉ. वारदेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धत बसवली: गावोगाव पाहणी, लोकांना माहिती आणि घरच्या घरी उपचार. रोग्याला गावाबाहेर न्यायचं नाही, औषध गावात न्यायचं. 1981 मध्ये बहुऔषधी उपचार देशात सर्वांत आधी ज्या जिल्ह्यात सुरू झाला तो वर्धा. या गोळ्यांनी रोग पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णाकडून लागण व्हायची थांबते. 2005 च्या अखेरीस भारतानं राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण असल्याचं जाहीर केलं.

म्हणजे इथं भीतीचं मूळ कारणच काढून टाकलं गेलं. मग पूर्वग्रह संपायला हवा होता. तारखा बघा. रुग्णांना वेगळं काढणारा 1898 चा इंग्रजांचा लेपर्स अ‍ॅक्ट रद्द झाला 2016 मध्ये. आणि जोडीदाराला कुष्ठरोग आहे या कारणावरून घटस्फोट मागता येण्याची तरतूद कायद्यांतून निघाली 2019 मध्ये. वर्ध्यात गोळ्या आल्यानंतर 38 वर्षांनी. रोगजंतू गेल्यावरही विटाळ कायद्याच्या पुस्तकात जिवंत होता, आणि तो काढायला पुन्हा संसदेतच जावं लागलं.

म्हणून कँटीनमधल्या त्या वाक्याला माझं उत्तर असं आहे: भेटणं लागतंच. परचुरे शास्त्र्यांची झोपडी जवळ नसती, नालवाडीचं चर्मालय नसतं, तर कायदा नुसता कागदावर राहिला असता. पण भेटणाऱ्या दोघांची पायरी समान करणारं काहीतरी सोबत हवं: एकत्र काम, हक्क, औषध, कायदा. नाहीतर आपण तेच करतो जे गावगाड्यानं केलं. रोज भेटतो, नाव विचारतो, आडनाव ऐकतो आणि आपली जागा धरून बसतो.

पुण्यात भाड्यानं घर बघताना एजंट नावानंतर पहिला प्रश्न विचारतो तो नॉनव्हेजचा. तो माझ्याशी अगदी छान बोलतो. त्याच्या फोनमध्ये सगळ्या जातीधर्मांचे नंबर सेव्ह आहेत, दिवसभर तो सगळ्यांना भेटतो. कोणाला कुठली सोसायटी दाखवायची नाही, हे त्याला त्या भेटींतूनच पाठ झालंय.